चुन्याची निवळी

चुना ही वस्तु आपल्या लोकांस परकी नाहीं. पानाच्या तबकांत चुन्याची डबी असते, घरांच्या भिंतींस चुन्याची सफेती असते, आणि आपले जुने वाडे व बुरूज अद्याप उभे आहेत ते घाण्यांत मळलेल्या चुन्याच्या जोरावर. कोंकणपट्टींत तर समुद्रकांठच्या शिंपल्या भट्टींत जाळून चुना करीत असत. परंतु या सामान्य वस्तूनें आम्हांस जो धडा शिकविला, तो पानाच्या तबकांतही नव्हता व बुरुजांतही नव्हता. तो आम्हांस स्वदेशापासून हजारों मैल दूर, ऱ्हाइन नदीच्या कांठीं, एका कांचेच्या पेटींत मिळाला. त्याचा पूर्वार्ध मात्र आपल्या याच शाळेच्या प्रयोगशाळेंत होऊन गेला होता, हें आमच्या ध्यानांत पुष्कळ उशिरां आलें. शाळेच्या वार्षिकाकरितां लेख लिहावयाचा, तर हीच हकीकत सांगावी असें आम्हीं ठरविलें आहे.

आम्ही इयत्ता आठवींत असतांना शास्त्राच्या शिक्षकांनीं आम्हांस तो सर्वपरिचित प्रयोग दिला: परीक्षानळींत चुन्याची निवळी घ्यावी, तींत कांचनळीनें फुंकावें, आणि काय होतें तें वहींत लिहावें. शाळेच्या काटकसरीमुळें निवळी सात-आठपट पाणी घालून पातळ केलेली होती. सर्व वर्ग फुंकूं लागला. क्षणांत निवळी दुधाळ झाली, "यावरून उच्छ्वासांत कार्बन डाय ऑक्साइड वायु असतो हें सिद्ध होतें" असें एकच वाक्य सर्वांच्या वह्यांत उमटलें, आणि नळ्या खालीं ठेवल्या गेल्या. आमच्या बांकावरील एक मुलगा मात्र, खोडीनें म्हणा कीं हट्टानें म्हणा, फुंकीतच राहिला. आणि कांहीं मिनिटांनीं त्याच्या नळींतील दुधाळपणा हळूहळू नाहींसा होऊन पाणी पुन्हा स्वच्छ झालें! आम्हीं सर्वांनीं त्याची थट्टा केली. त्याचा प्रयोग बिघडला असें आमच्या पंचायतीनें ठरविलें. शिक्षक जवळ येऊन उभे राहिले व शांतपणें म्हणाले, "दुधाळ झालें हें सर्वांनीं लिहिलें. परत निवळलें, हें कोण लिहिणार?" कोणींच लिहिलें नाहीं. तें पुस्तकांत नव्हतें, आणि परीक्षेंत येण्याचा संभव नव्हता. घंटा झाली आणि आम्ही पटांगणावर धांवलों.

पुढें बऱ्याच वर्षांनीं नोकरीनिमित्त आम्ही जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहरीं राहावयास गेलों. त्या शहरांत एक मोठें मत्स्यालय व प्राणिसंग्रहालय आहे. थिओडोर ल्यॉबेके नांवाच्या एका औषधविक्रेत्यानें आयुष्यभर जमविलेल्या शंखशिंपल्यांच्या संग्रहापासून त्याचा उगम झाला, आणि आजही तें त्याचें नांव धारण करितें. तेथें आम्हीं प्रथम जिवंत पोवळीं पाहिलीं. पोवळें म्हणजे अंगठींत बसविण्याचा तांबडा खडा, एवढीच आमची समजूत होती! येथें तर जांभळ्या, हिरव्या, पिवळ्या फांद्यांचें एक वनच पाण्याखालीं डोलत होतें, आणि प्रत्येक फांदीवर सहस्रावधि इवलेसे जीव आपापलीं बोटें पसरून बसले होते. आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध सेवानिवृत्त गृहस्थांनीं अशी एक लहानशी प्रवाळसृष्टि आपल्या दिवाणखान्यांत निर्माण केली होती. आमची आवड पाहून त्यांनीं आपल्या पेटींतील एका पोवळ्याची अंगठ्याएवढी फांदी कापून आम्हांस दिली. गुलाबाची फांदी लावावी तशी ती दगडावर चिकटविली म्हणजे वाढते, असें त्यांनीं सांगितलें. आम्हीं २०० लिटरांची पेटी घेतली, विद्युद्दीप बसविले, समुद्राचें मीठ कालवून पाणी सिद्ध केलें, आणि कांहीं महिने तें स्थिरावूं देऊन ती फांदी तींत ठेविली.

येथें वाचकांस एक गोष्ट आग्रहानें सांगितली पाहिजे. आपल्या देशांत असा खेळ कोणीं करूं नये. मालवणच्या समुद्रांत पोवळीं आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस भर समुद्रांत, आंग्र्यांचें नांव धारण करणारा आंग्रिया बँक नांवाचा बुडालेला प्रवाळप्रदेश आहे. मालवणचा सागरी भाग १९८७ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत कठीण पोवळीं २००१ सालीं घालण्यांत आलीं. तीं तोडणें, बाळगणें वा विकणें हा गुन्हा आहे. आम्हांस मिळालेली फांदी समुद्रांतून तोडलेली नव्हती. पिढ्यानुपिढ्या पेट्यांतच वाढलेल्या पोवळ्याची ती कलम होती. असो.

आतां मूळ विषयाकडे वळूं. पोवळें हा प्राणी स्वतःचें घर स्वतःच बांधतो. त्याच्या मऊ देहांत सूक्ष्म वनस्पति राहतात. त्या प्रकाशाच्या साहाय्यानें अन्न करितात आणि यजमानास त्यांतील वांटा देतात. त्या बळावर पोवळें पाण्यांतून दोन पदार्थ उचलतें व त्यांपासून आपल्या देहाखालीं दगड रचीत जातें. पहिला पदार्थ कॅल्शियम. हाच चुन्याचा मूळ धातु होय. दुसरा बायकार्बोनेट, म्हणजे पाण्यांत विरघळलेल्या कार्बन डाय ऑक्साइडाचेंच एक रूप. या दोहोंच्या संयोगानें कॅल्शियम कार्बोनेट होतें. चुनखडी, खडू, शिंपली व अंड्याचें कवच हीं सर्व त्याचींच रूपें आहेत. पाण्यांत बायकार्बोनेटाचा सांठा किती आहे, याचें माप म्हणजे पाण्याची अल्कता. इंग्रजी जाणणारे तिला अल्कलिनिटी म्हणतात. हाच सांठा पाण्यांत उत्पन्न होणारें आम्ल शोषून घेतो व पाण्याचा स्वभाव एकदम बदलूं देत नाहीं.

महासागरांत हा सांठा इतका अफाट आहे कीं, पोवळ्यांनीं कितीही उचल केली तरी तो हटत नाहीं. पेटीची गोष्ट निराळी. दोनशें लिटर पाणी म्हणजे पोवळ्याच्या दृष्टीनें एक ओंजळ. त्यांतून रोज उचल होते, आणि भर घालणारा समुद्र तेथें नसतो. म्हणून जो पेटी ठेवितो त्यानेंच समुद्राचें काम करावयाचें असतें.

आंकडे सांगितल्याशिवाय पुढील गोष्ट कळणार नाहीं; तरी वाचकांनीं क्षणभर धीर धरावा. समुद्राच्या पाण्यांत कॅल्शियम दर किलोग्रॅमास सुमारें ४१० ते ४२० मिलिग्रॅम असतें. अल्कता जर्मन अंशांनीं मोजण्याचा प्रघात आहे. एक लिटर पाण्यांत १० मिलिग्रॅम कळीच्या चुन्याच्या तुल्य जो सांठा, तो एक अंश. आणि समुद्राची अल्कता सुमारें ७ अंश भरते. पेट्यांतून ती ७ पासून ९ पर्यंत राखतात. आतां पोवळें दगड रचतें तेव्हां हे दोन पदार्थ ठरलेल्या प्रमाणांतच वापरतें. अल्कता २.८ अंश उतरली म्हणजे कॅल्शियम लिटरामागें २० मिलिग्रॅम उतरलेलें असतें. एका घरचे दोघे भाऊ घरखर्चाचा सारखा वांटा उचलतात, परंतु एकाच्या पेटाऱ्यांत शेंकडों आहेत आणि दुसऱ्याच्या कनवटीस थोडकेंच आहे, तशांतला हा प्रकार. ४२० मधून २० गेले तर ४०० उरतात, आणि कोणास पत्ताही लागत नाहीं. ८ मधून २.८ गेले तर ५.२ उरतात, आणि संसार धोक्यांत येतो. म्हणून जाणते लोक धाकट्या भावाकडे रोज लक्ष देतात. थोरल्याची चौकशी आठवड्यांतून एकदां केली तरी चालते.

ती चौकशी करण्याची रीत मोठी सोपी आहे. लहानशा कांचनळींत पांच मिलिलिटर पाणी घ्यावें व त्यांत परीक्षाद्रवाचे थेंब मोजून घालावे. प्रथम पाणी निळें होतें. अल्कता संपली कीं एका थेंबासरशीं पिवळें पडतें. जितके थेंब तितके अंश. सकाळीं चहाचें आधण येईपर्यंत हें काम होतें.

भर घालण्याच्या तीन रीती प्रचारांत आहेत. पहिली रीत चुन्याच्या निवळीची. पेटर विल्केन्स यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तिचा पुरस्कार केला. एक लिटर पाण्यांत सुमारें १.७ ग्रॅम विरी गेलेला चुना विरघळतो. बाकीचा तळीं बसतो. वरची स्वच्छ निवळी घेऊन, पेटींतील जें पाणी वाफ होऊन उडून जातें त्याच्या जागीं ती रात्रीं थेंब थेंब सोडावयाची. रात्रीं पोवळ्यांच्या व माशांच्या श्वसनानें पाण्यांत कार्बन डाय ऑक्साइड वाढलेला असतो. निवळी त्याच्याशीं संयोग पावून कॅल्शियम व बायकार्बोनेट हे दोन्ही पदार्थ योग्य त्याच प्रमाणांत देते. मात्र निवळी अति तीव्र असते, हातास लागली तर कातडें चरचरतें. म्हणून ती थेंबानेंच सोडली पाहिजे. उघडी ठेविली तर हवेंतील वायु लागून तिजवर दुधासारखी साय धरते. दुसरी रीत हान्स-वेर्नर बालिंग या जर्मन रसायनज्ञाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. एका बाटलींत कॅल्शियम क्लोराइड, दुसरींत सोडा. दोन्ही सारख्या मानानें परंतु निरनिराळ्या वेळीं द्यावयाचे. एकत्र केल्यास बाटलींतच खडू होतो. तिसरी रीत चुन्याच्या नळकांड्याची. तिच्याविषयीं योग्य ठिकाणीं लिहूं.

आम्हीं पहिली रीत पसंत केली. एक तर ती स्वस्त, आणि दुसरें म्हणजे "चुन्याची निवळी" हे शब्द शाळेच्या आठवणीनें आम्हांस प्रिय होते. दोन वर्षें सर्व ठीक चाललें. अंगठ्याएवढी फांदी वीतभर झाली; तिला तीस-चाळीस शाखा फुटल्या, आणि प्रत्येक शाखेच्या टोंकास जांभळा रंग आला. पेटी रोज अर्धा अंश अल्कता खाई. आम्ही रोज पाऊण लिटराहून थोडी अधिक निवळी देत असूं. नेमकें हेंच माप गणितानेंही येतें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटे. आणि कौतुकाचा हळूहळू अभिमान झाला. पाहुणे आले म्हणजे आम्ही "आमचें पोवळें" असें म्हणूं लागलों. जणू काय तें आम्हींच बांधलें होतें!

एके वर्षीं आम्ही दहा दिवस परगांवीं गेलों. आमचे वृद्ध शेजारीही त्या वेळीं आपल्या कन्येकडे गेले होते. खालच्या मजल्यावरील एका मुलास माशांस खाणें घालण्यास व पाण्याची रेषा उतरल्यास साधें पाणी ओतण्यास सांगून, निवळीचा डबा भरून आम्ही निघालों. परत येऊन पाहतों तों डबा जवळ जवळ भरलेला! डब्याच्या बारीक नळीच्या तोंडावर चुन्याची खपली धरून ती चौथ्या दिवशींच बंद पडली असावी. मुलानें सांगितल्याप्रमाणें साधें पाणी घातलें होतें. त्याचा कांहींएक दोष नव्हता. नळी साफ करून पाहण्याचें काम आमचें होतें, आणि निघण्याच्या गडबडींत आम्हीं तें केलें नव्हतें. आम्हीं थेंब मोजले: पांच. कॅल्शियम ४०० च्या आसपास.

आतां काय करावयास पाहिजे होतें हें आज आम्ही झोपेंतही सांगूं. तीन अंशांची तूट होती. खाण्याच्या सोड्यानें दोनशें लिटरांत एक अंश चढविण्यास सुमारें ६ ग्रॅम लागतात. रोज अर्धा अंश, फार तर एक अंश, याप्रमाणें चढवीत चार-सहा दिवसांत पूर्वस्थितीस यावें. कॅल्शियमास तूर्त हातही लावूं नये. परंतु आमच्या मनास भीति शिवली होती, आणि भीतीबरोबर लाजही होती. शेजारी दुसऱ्या दिवशीं परत येणार होते. त्यांच्या आधीं सर्व कांहीं नीट दिसलें पाहिजे, असें आम्हांस वाटलें. खाण्याचा सोडा सौम्य म्हणून आम्हीं धुण्याचा शुद्ध सोडा घेतला. आठवर थांबावयाचें सोडून, "थोडें पुढचें पाहूं" म्हणून दहा अंशांचा हिशेब धरला. सुमारें वीस ग्रॅम सोडा पेलाभर पाण्यांत विरघळवून एका कोपऱ्यांत ओतला, आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच कोपऱ्यांत, कॅल्शियम क्लोराइडाचा दुसरा पेला.

पाण्यांत एक पांढरा ढग उठला. पाहतां पाहतां तो सर्व पेटींत पसरला आणि पाणी पातळ ताकासारखें झालें. मासे कोपऱ्यांत दडले. आम्ही कांचेशीं उभे राहिलों. आणि त्या क्षणीं आमच्या मनांत आठवीच्या वहींतील तें वाक्य आलें: निवळी दुधाळ होते. जो दगड पोवळ्यानें आपल्या देहांत कणाकणानें रचावयाचा, तो आमच्या उतावळेपणानें पाण्यांतच धूळ होऊन पडत होता. सकाळीं वाळूवर, पंपावर, ऊष्णता देणाऱ्या नळीवर पांढरें पुट बसलें होतें. थेंब मोजले: सहा. आदल्या दिवशीं पांच होते. दहा गांठावयाचे म्हणून जें ओतलें, त्यांतील बहुतेक खडू होऊन तळीं गेलें होतें. एका रात्रींत पाण्याचा स्वभाव मात्र दोनदां पालटला होता, आणि तो धक्का पोवळ्यास सोसला नाहीं. तिसऱ्या दिवशीं फांदीच्या बुडाचें मांस सुटूं लागलें. जळलेल्या कातड्यासारख्या चिंध्या निघून प्रवाहांत वाहूं लागल्या, आणि खालून वर, शाखेमागून शाखा, पांढरें हाड उघडें पडत चाललें. पोवळें ओरडत नाहीं, हलत नाहीं, पाठही फिरवीत नाहीं. तें ज्याच्या स्वाधीन असतें त्याच्यासमोर गुपचूप मरतें.

वृद्ध शेजारी आले. आम्हीं कांहीं न लपवितां सर्व सांगितलें. ते रागावले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें, परंतु ते पेटीपुढें बराच वेळ उभे राहिले व एवढेंच म्हणाले, "घाई कोणास होती? पोवळ्यास कीं तुम्हांस?" मग त्यांनीं बाह्या सारल्या, पाण्यांत हात घातला, आणि जिवंत राहिलेल्या टोंकाकडील बोटाच्या पेराएवढा एक तुकडा चिमट्यानें तोडून वेगळ्या दगडावर लाविला. उरलेली सारी फांदी त्यांनीं बाहेर काढिली. "ही मला द्या," ते म्हणाले, "हिचा अजून उपयोग आहे."

त्यांच्या घरीं तिसरी रीत होती. उभें, बंद, पारदर्शक असें एक नळकांडें. त्यांत पोवळ्याचे मेलेले खडे भरलेले. आणि खालून कार्बन डाय ऑक्साइडाचे बुडबुडे मोजून सोडलेले. वायूनें आंतील पाणी किंचित् आम्ल होतें, खडे हळूहळू विरघळतात, आणि त्यांतून निघणारें पाणी कॅल्शियम व अल्कता हीं दोन्ही घेऊन पेटींत ठिबकतें. ज्या प्रमाणांत पोवळ्यानें तीं उचललीं होतीं, त्याच प्रमाणांत तीं परत येतात. आमच्या फांदीचे तुकडे धुवून, वाळवून, फोडून त्यांनीं त्या नळकांड्यांत टाकिले. कांहीं आठवड्यांनीं आम्ही पाहावयास गेलों तेव्हां त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. दोन वर्षें रात्रीमागून रात्र आम्हीं दिलेला चुना, जो तिनें दगड करून ठेविला होता, तो पुन्हा पाणी होऊन दुसऱ्या पोवळ्यांच्या मुखीं लागत होता.

तेथें उभे असतां आम्हांस तो बांकावरील मुलगा आठवला. अधिक वायु मिळाला म्हणजे दुधाळ निवळी पुन्हा निवळते, कारण न विरघळणारा खडू विरघळणाऱ्या बायकार्बोनेटांत पालटतो. त्याच्या परीक्षानळींत जें झालें तेंच या नळकांड्यांत चाललें होतें. आणि पोवळें जें करितें तें त्याच्या उलट. शिक्षकांनीं विचारलेल्या प्रश्नांत सारी प्रवाळसृष्टि उभी होती, आणि आम्ही घंटा झाली म्हणून निघून गेलों होतों. प्रयोग त्याचा बिघडला नव्हता. अर्धा आमचा राहिला होता.

या गोष्टीस एक मोठी बाजू आहे, ती थोडक्यांत सांगतों. कोळसा व तेल जाळून मनुष्यजातीनें जो कार्बन डाय ऑक्साइड हवेंत सोडला, त्याचा मोठा भाग समुद्र शोषून घेत आला आहे. त्यायोगें यंत्रयुगाच्या आरंभापासून समुद्राच्या पृष्ठभागाचें अल्कमान, जें रसायनशास्त्रांत पीएच या मापानें मोजतात, सुमारें ०.१ नें उतरलें आहे. आंकडा लहान दिसतो, परंतु त्या मापाच्या रीतीमुळें आम्लतेंतील वाढ त्यानें सुमारें शेंकडा २५ हून अधिक होते. सबंध समुद्राच्या नळकांड्यांत आपण सर्वजण मिळून फुंकीत आहों, आणि पोवळ्यांस दगड रचणें त्या मानानें जड होत आहे. घरच्या पेटींतील चूक सुधारावयास शेजारी होते. त्या मोठ्या पेटीस तसा कोणी शेजारी नाहीं.

पेराएवढा तुकडा जगला. पहिले सहा आठवडे त्याची वाढ झाली नाहीं. त्यानें केवळ आपली जखम बुजविली, आणि दगडावर नखाएवढा जांभळा पाया पसरला. मग एके सकाळीं त्यावर टांचणीच्या डोक्याएवढें एक टोंक दिसलें. आम्हीं त्यास कांहीं विशेष दिलें नाहीं. रोज रात्रीं तीच निवळी, तेवढीच, थेंब थेंब. दर रविवारीं नळीचें तोंड पाण्याच्या व्हिनेगरांत बुडवून खपली काढतों. शेजाऱ्यांनीं आम्हांस एक कोरी वही दिली होती. तींत रोजचे थेंब लिहितों: आठ, आठ, साडेसात, आठ. अशा कंटाळवाण्या वहीसारखी आनंददायक वस्तु आमच्या घरांत दुसरी नाहीं. लहानपणीं प्रार्थनामंदिरांत विश्वासू कारभाऱ्याविषयींचीं प्रवचनें ऐकतांना आम्हांस वाटे कीं, विश्वासूपणा म्हणजे संकटकाळीं कांहीं मोठें शौर्य करून दाखविणें. आमच्या हातून शौर्य झालें तें त्या एका संध्याकाळीं, दोन पेले घेऊन. आणि त्याचा परिणाम वर लिहिलाच आहे. स्वाधीन केलेली वस्तु राखण्यास त्याहून पुष्कळ लहान काम लागतें. तें रोज लागतें, आणि तें कोणास दिसत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या प्रयोगशाळेंत आजही तो प्रयोग होत असेल. शिक्षकांची अनुज्ञा घेऊन निवळी पाण्यानें चांगली पातळ करा. नळीनें फुंका, चुकूनही ओढूं नका. ती दुधाळ झाली कीं वहींत तसें लिहा, परंतु नळी खालीं ठेवूं नका, आणखी फुंका. हात दुखतील, शेजारचा मुलगा हंसेल, कदाचित् घंटाही होईल. पाणी निवळलें म्हणजे तें दुसरें वाक्यही लिहा. आम्हीं तें आमच्या वहींत आतां लिहिलें आहे. फक्त तपासावयास आमचे ते शिक्षक हयात नाहींत.